टोकायचं कोणी?

संध्याकाळी सहानंतर सातपूरकडून निमाणीला येणाऱ्या नाशिकच्या सिटीलिंक बसमध्ये चढलं की एकाच तिकिटात चार-पाच कार्यक्रम ऐकायला मिळतात. पुढच्या सीटवर कुणाच्या तरी मोबाईलवर कीर्तन, त्याच्या मागे क्रिकेटची कॉमेंट्री, खिडकीपाशी कॉलेजचा पोरगा रील्स सरकवतोय त्यातलं तेच ते खोटं हसणं पुन्हा पुन्हा, आणि दांड्याला धरून उभा असलेला एकजण स्पीकर लावून घरी विचारतोय की दूध आणू का नको. बस गच्च भरलेली, पण एकमेकांशी बोलणारं कुणी नाही. वैताग सगळ्यांच्या तोंडावर दिसतो, एखादी बाई मान वळवून बघते, एखादे काका 'च्च' करतात, पण 'अरे बाबा, आवाज कमी कर' एवढं साधं वाक्य काही कुणाच्या तोंडून निघत नाही.

मला हल्ली त्या आवाजापेक्षा या गप्प बसण्याचंच जास्त नवल वाटतं. कारण आपण काही गप्प बसणारी माणसं नव्हतो हो. नाशकात वाढलेल्या कुणालाही विचारा, लहानपणी रस्त्यात आपल्याला टोकायला आईवडील लागायचेच नाहीत. रविवार कारंजावर शेंगांची टरफलं टाकली तर दुकानदार ओरडायचा, सायकलवर ट्रिपल सीट दिसलात तर कुणीतरी अनोळखी आजोबा थांबवून नाव, शाळा, वडील कुठे कामाला हे सगळं विचारून मगच सोडायचे, आणि एसटीत समोरच्या सीटवर पाय ठेवले तर कंडक्टरच्या आधी शेजारची मावशीच बोलायची, 'पाय खाली घे रे, घरचा पलंग आहे का तुझ्या?' या टोकण्याचा जाचही होता, मुलींना तर फारच, कपड्यांवरून, कुणाबरोबर दिसली त्यावरून, आणि तो कमी झाला ते बरंच झालं म्हणायचं. पण त्याच्याबरोबर पाय खाली घ्यायला लावणारी मावशीही गेली.

मोबाईल कसा वापरावा यावर लेख लिहिणारे नेहमी एक यादी देतात, इअरफोन वापरा, सायलेंटवर ठेवा, हळू बोला. मला ती यादी वाचून कंटाळा येतो कारण ती सगळ्यांना पाठ आहे. बसमधल्या त्या रील्सवाल्या पोराला विचारलंत तर तोसुद्धा घडाघडा सांगेल. नियमही आहेत की. मुंबईत बेस्टने 2023 मध्ये बसमध्ये इअरफोनशिवाय गाणी, व्हिडिओ लावायला बंदी केली, रेल्वेत रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावायची नाहीत, फोनवर आरडाओरडा करायचा नाही असं सांगून ठेवलंय, हातात फोन धरून गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच हजारापर्यंत दंडाची तरतूद आहे. (आपल्याकडे 2021 ला पोलिसांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' काढलं तेव्हा बऱ्याच लोकांनी हेल्मेट घेतली, आणि त्यातल्या काहींना लगेच शोध लागला की कान आणि हेल्मेट यांच्यामध्ये फोन एकदम फिट बसतो, हात मोकळे राहतात. कॉलेज रोडला सिग्नलवर असा एकतरी दिसतोच, हेल्मेटच्या आतून 'हॅलो हॅलो' करणारा.) नियम कागदावर असतो, कंडक्टरच्या हातात तिकिटाचं मशीन असतं, भरलेल्या बसमध्ये त्याने तिकिटं फाडायची, सुट्ट्यावरून डोकं लावायचं का फोनचे आवाज तपासत फिरायचं? तेव्हा ते काम शेवटी शेजारी बसलेल्यावरच येतं. आणि शेजारी बसलेला स्वतःच्या फोनमध्ये असतो.

हे सगळं झालं तेही तसं अलीकडेच. फोनवर बोलणं ही पूर्वी दार लावून करायची गोष्ट होती. सीबीएस बसस्टँडच्या बाहेर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ असायचे, आत काचेची खोली, पंखा बंद पडलेला, समोर लाल आकड्यांचं मीटर पळतंय, आणि बाहेर रांगेतला माणूस काचेवर नाण्याने टकटक करतोय. (घ्या, तेही टोकणंच.) मोबाईल आला तेव्हा सुरुवातीला इनकमिंगलाही पैसे पडायचे, त्यामुळे लोक 'पोचलो, ठेवतो' एवढंच बोलायचे. पुढे बोलणं स्वस्त झालं तरी डेटा महागच होता, बसमध्ये बसून तासभर व्हिडिओ बघायची कुणाची टाप नव्हती. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि खिशातला टीव्ही दिवसभर फुकट चालायला लागला. पुढे बऱ्याच कंपन्यांनी फोनच्या बॉक्समधून इअरफोन काढून टाकले. म्हणजे आवाज वाढवायची सोय सगळ्यांना मिळाली, तो स्वतःपुरता ठेवायची सोय वेगळे पैसे देऊन विकत घ्यायची.

पण हे झालं आवाजाचं. गप्प बसण्याचं काय?

माझं म्हणणं असं आहे की टोकायला आधी थोडीशी तरी ओळख लागते. फार नाही, पाच मिनिटांची पुरते. पूर्वी सिन्नरला जायचं म्हटलं तरी एसटीत बसल्या बसल्या 'कुठले तुम्ही?' सुरू व्हायचं, मग गाव निघायचं, मग त्या गावात दिलेली आत्या निघायची, शिंदे-पळसे येईपर्यंत समोरच्याने डब्यातली भाकर पुढे केलेली असायची. मग त्याच माणसाने बिडी पेटवली की 'अहो, पोरगं आहे मांडीवर, जरा विझवा' हे अगदी सहज बोलता यायचं, आणि त्यालाही त्यात काही वाटायचं नाही कारण तो आता आत्याच्या गावचा होता. आता आपण बसमध्ये चढतो तेच मान खाली घालून. शेजारी कोण बसलंय, म्हातारं का तरुण, हे उतरेपर्यंत कळत नाही. 'कुठले तुम्ही' विचारायला जागाच नाही, समोरच्याच्या कानात काहीतरी असतं नाहीतर डोळ्यासमोर काहीतरी असतं. मग त्याच्या फोनचा आवाज असह्य झाला की आपल्याकडे दोनच रस्ते उरतात, सहन करायचं नाहीतर एकदम भांडायचं. मधला जो रस्ता होता, हसत हसत टोकायचा, तो ओळखीवरून जायचा. फोनने दोन्ही कामं केली, आवाजही आणला आणि आवाज कमी करायला सांगायची वाटही बंद केली.

उगाच थिअरी मांडतोय असं वाटेल, पण याचा पुरावा आपल्या गावातून रोज सकाळी सातच्या सुमारास निघतो. पंचवटी एक्सप्रेस. 1975 पासून ही गाडी मनमाड-नाशिकची माणसं सकाळी मुंबईला नेते आणि रात्री परत आणून सोडते, आणि तिच्यातले पासधारक हे एक वेगळंच गाव आहे. या गाडीच्या सी-3 डब्यात 2007 मध्ये पासधारकांनी 'आदर्श कोच' सुरू केला. रेल परिषद नावाची प्रवाशांची संघटना आणि तिचे बिपीन गांधी यांनी ते मनावर घेतलं होतं. पत्ते नाहीत, आरडाओरडा नाही, फोन सायलेंटवर, बोलायचं तर हळू. लिम्का बुकात नोंद झाली त्या डब्याची. लक्षात घ्या, 2007, म्हणजे स्मार्टफोन अजून लोकांच्या हातात यायचा होता, रील्स वगैरे तर स्वप्नातही नव्हत्या, तेव्हा या लोकांनी ठरवलं की फोनचा त्रास शेजाऱ्याला होऊ द्यायचा नाही. गांधी 2018 ला गेले, पंचवटीला नवे डबे लागले त्याच दिवशी, नाशिकरोड स्टेशनवर गाडीचं स्वागत करताना हार्टअटॅक आला.

आता हे त्या डब्यात का जमलं? मुंबईला नोकरीला जाणारी माणसं काही वेगळ्या मातीची नसतात, तीच माणसं रविवारी बायकापोरांना घेऊन हॉटेलात जातात तेव्हा तिथे पोराच्या हातात फोन देऊन फुल आवाजात कार्टून लावतात. मला तरी एकच कारण दिसतं, त्यांना उद्या परत एकमेकांचं तोंड बघायचं असतं. उद्या, परवा, दोन-दोन दशकं. तिथे कुणाचा फोन वाजला तर सांगणारा त्याला नावाने सांगतो, आणि ज्याला सांगितलं तो दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसतो. सिटीलिंकमध्ये उद्या कोण कुठे, काय माहीत.

बरं, टोकतच नाही आपण असंही नाही. टोकतो, पण माणूस बघून टोकतो, आणि हे मला आवाजापेक्षा जास्त टोचतं. त्याच सातपूरच्या बसमध्ये एकदा एक मुलगा चढला, कंपनीचा निळा शर्ट, हाताला ऑइल, पाठीवर डब्याची बॅग. बसायला जागा नव्हती म्हणून मागच्या दाराशी टेकला आणि त्याने व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे दोनेक वर्षांची पोरगी, मागे पत्र्याचं घर आणि शेळी ओरडतेय. पोरगी बापाला काहीतरी दाखवत होती, बहुतेक बांगडी, पण हात एवढा जवळ आणायची की स्क्रीनवर नुसतं मनगटच. तो म्हणत होता, 'लांब धर ना बाळा, लांब,' आणि ती अजून जवळ आणत होती. रेंज जात होती, मग तो 'हॅलो, हॅलो, दिसतंय का' करत फोन खिडकीकडे धरायचा, त्यामुळे आवाज अजून मोठा. इतका वेळ कीर्तन आणि कॉमेंट्री निमूट ऐकणाऱ्या बसला तेव्हा अचानक कंठ फुटला. 'ए, बंद कर रे ते, घरी जाऊन बोल.' सीटवर बसलेले, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेले एक सद्गृहस्थ. आता घरी म्हणजे कुठे? खोलीत चार-सहाजण राहात असतील, शिफ्ट संपवून खोलीवर जाऊन स्वयंपाक उरकेपर्यंत ती पोरगी झोपून जाणार. बसचा तो पाऊण तास हीच त्याची वेळ. त्याने काही वाद घातला नाही, 'झालं झालं सर' म्हणाला आणि फोन ठेवून दिला. पोरीचा 'पप्पा' मध्येच तुटला.

मला त्या सद्गृहस्थांना म्हणावंसं वाटलं की साहेब, तुमच्या मागच्या सीटवर मघापासून एकजण अख्ख्या बसला ऐकू जाईल असं कुणाला तरी इंग्रजीत झापतोय, 'क्वार्टर एंड', 'डिलिव्हरेबल' असं काय काय चाललंय, त्याला नाही टोकलंत? पण इस्त्रीचा शर्ट आणि इंग्रजी असलं की तो 'कामाचा कॉल' असतो, आणि निळा शर्ट असला की तो 'गोंगाट'.

नाटकाला मात्र टोकणं अजून जिवंत आहे. नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात तिसरी घंटा झाली, फोन बंद ठेवायची अनाऊन्समेंट झाली, पडदा वर गेला आणि पुढच्या रांगेत कुणाचा तरी चेहरा निळा पडला की मागून लगेच खांद्यावर बोट येतं, 'मॅडम, फोन.' तरीही वाजतातच. 2019 मध्ये अभिनेते सुमीत राघवन यांनी इथेच, आपल्या कालिदासला, फोन वाजतात म्हणून प्रयोग थांबवला होता आणि त्याची राज्यभर चर्चा झाली, नाशिककर म्हणून जरा मान खाली गेली होती तेव्हा. मग नाट्यगृहात जॅमर बसवा वगैरे बोलणं सुरू झालं. जॅमर बसवायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते, एवढा खटाटोप कशासाठी, तर शेजारच्याला 'बंद करा' म्हणायची वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे मी हे टोकणं अगदी अस्सल स्वरूपात बघितलंय. रामकुंड. ओळखीच्या एका कुटुंबात वडील गेले, दशक्रियेला मी गेलो होतो. थोरला मुलगा परदेशात, तिकीट मिळेना, त्यामुळे चुलतभावाच्या हातात फोन आणि फोनमध्ये मुलगा. गुरुजींना याची सवय झालेली दिसली, ते मंत्र म्हणता म्हणता मध्येच फोनकडे बघून म्हणायचे, 'तुम्ही तिकडे नुसते हात जोडा, पाणी हे सोडतील.' पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. कावळा येईना. समोरच्या कठड्यावर दोन-तीन बसलेले, मान वाकडी करून बघत होते, पण खाली उतरत नव्हते. जो तो पुढे होऊन काहीतरी कबूल करायचा, 'नातीचं लग्न करू', 'दुकान बंद पडू देणार नाही'. मग फोन पुढे धरला. आणि स्पीकरवरून, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात, तो मुलगा म्हणाला, 'पप्पा, मी आईला एकटं नाही ठेवणार.' आजूबाजूला दुसऱ्यांचे विधी चालू होते, पण त्या स्पीकरला कुणीही हरकत घेतली नाही. कावळा लगेच आला वगैरे काही नाही, बराच वेळ लागला अजून.

तेवढ्यात पाच-सहा पावलांवर तीन मुली आल्या, बाहेरगावच्या असाव्यात, ट्रायपॉड मांडला, गाणं लावलं आणि गोदामाईच्या बॅकग्राउंडवर रील सुरू. त्यांच्या फ्रेममध्ये आमचे मुंडन केलेले भाऊ येत होते, त्यांना पत्ताही नव्हता. आम्ही सगळे घरचे-ओळखीचे, पुरुष माणसं चांगली दहा-बारा, एकमेकांकडे बघत उभे. कुणी बोलेना. बोलली ती पायरीवर द्रोण-दिवे विकणारी बाई. जागेवरून उठलीसुद्धा नाही. 'ए पोरींनो, पलीकडं जा नाचायला. माणूस गेलंय त्यांचं.' बस्स. ना शिवी, ना आवाज चढवला. मुलींचे चेहरे एकदम उतरले, गाणं बंद झालं, 'सॉरी मावशी' म्हणत त्यांनी ट्रायपॉड उचलला आणि गेल्या. त्या काही वाईट मुली नव्हत्या, त्यांना दिसलंच नव्हतं. स्क्रीनमध्ये बघत असलं की फ्रेमच्या बाहेरचं दिसत नाही आणि फ्रेमच्या आतलं नुसतं बॅकग्राउंड होतं. आणि त्या बाईला बोलता आलं कारण ती तिथे रोज बसते, तो घाट तिचा आहे. आम्ही तिथे पाहुणे होतो, मुलीही पाहुण्याच. 2027 च्या सिंहस्थात तर सगळा घाटच पाहुण्यांचा असणार आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा, तेव्हा अशा बायका किती पुऱ्या पडणार कुणास ठाऊक.

हे सगळं डोक्यात असल्यामुळे असेल, मी हल्ली टोकायला लागलोय. पण 'आवाज कमी करा' असं नाही म्हणत, त्याने माणूस चिडतो. मी आधी ओळख काढतो. रील्सवाल्या पोराला विचारायचं, 'काय रे, मघाचपासून हसतोय तो कोण आहे? दाखव बरं.' तो दचकतो, दाखवतो, जरा लाजतो आणि पुढचं आपोआप हळू आवाजात बघतो. नेहमीच जमतं असं नाही. एका आजींच्या शेजारी बसलेल्या पोरावर मी हाच प्रयोग केला तर त्या पोराच्या आधी आजीच म्हणाल्या, 'मोठ्यानं लाव रे, मला अर्धंच ऐकू येतंय.'

आणि परवा गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक काका, गळ्यात चेन, समोर तर्रीची वाटी, आणि फोन टेबलावर ग्लासला टेकवून स्पीकर चालू. आडगावच्या प्लॉटचा व्यवहार. एनए झालाय का, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, बहीण सही करायला तयार नाही, टोकन किती द्यायचं, सगळं. अख्ख्या हॉटेलला त्या बहिणीचं नावसुद्धा पाठ झालं. वेटर पाव ठेवताना दोन मिनिटं जास्तच रेंगाळला. पलीकडच्या टेबलावरचं जोडपं मिसळ थंड करत त्यांच्याकडे रागाने बघत होतं, पण गप्प. चेन होती ना गळ्यात.

मी खुर्ची थोडी वळवली आणि म्हटलं, 'काका, गुंठ्याला काय भाव म्हणालात? मला नीट ऐकू नाही आलं.'

ते माझ्याकडे बघतच राहिले. फोनमधला माणूसही गप्प. मग काकांनी फोन उचलला, स्पीकर बंद केला, कानाला लावून 'नंतर करतो' म्हणाले आणि ठेवला. पलीकडची बाई खुदकन हसली. मला वाटलं आता काका बोलणार दोन शब्द. पण ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आले, आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाले, 'घ्यायचाय का?'

नाही म्हणेपर्यंत नंबर घेऊन झाला होता. भाव इथे लिहीत नाही, उगाच कुणाचं गिऱ्हाईक तुटायचं. आता रोज सकाळी सव्वासहाला त्यांचा सुविचार येतो, गुलाबाच्या फुलासकट, आणि त्याच्याखाली साइटचं लोकेशन.